सात नंबरची वळचण

बुधवारी सकाळी आठ वाजता वादळ मोर्न पाव्यो गावाच्या पूर्वेला दोनशे साठ मैलांवर होतं. ताशी तेरा मैलांनी ते बेटाकडे सरकत होतं. पहाटेच्या निवेदनात त्याला नाव मिळालं होतं. रेडिओवरच्या बाईने ते सावकाश, अक्षर न् अक्षर सुटं करून सांगितलं, आणि डॉमिनिकाच्या पूर्व किनाऱ्याने संध्याकाळपर्यंत सगळी तयारी उरकावी, असं म्हणून ती थांबली.

थेओदूल बेलोने रेडिओचा आवाज कमी केला आणि मनातल्या मनात भागाकार केला. केंद्र पोचायला वीस तास. वारा त्याच्या बराच आधी.

तो त्रेसष्ट वर्षांचा होता, सुतार होता आणि गुरुवार मंडळाचा अध्यक्ष होता. मंडळ दर गुरुवारी चॅपेलच्या मागच्या खोलीत भरायचं, म्हणून ते नाव. मागच्या सप्टेंबरापर्यंत मंडळाची कामं म्हणजे दफनभूमीतलं गवत काढणं, नाताळात म्हाताऱ्या माणसांना जेवण घालणं आणि सभेत कोण जास्त बोलतं यावरून भांडणं. मग सप्टेंबरातलं वादळ आलं. एकशे चार घरांपैकी ब्याऐंशी घरांची छपरं एका रात्रीत गेली, खालच्या वाडीतली तीन माणसं दगावली, आणि मंडळाला खरं काम मिळालं. अकरा महिन्यांत त्यांनी चौदा घरांवर छपरं चढवली. प्रत्येक घराच्या दाराशेजारी वीतभर निळी फळी ठोकली; तिच्यावर पांढऱ्या रंगात मंडळाचं नाव आणि घराचा नंबर. ती फळी दिसली की लोक निर्धास्त व्हायचे. हे छप्पर जात नाही, म्हणायचे.

साडेआठला व्हर्नान्डा आली. ती आरोग्य केंद्रात नर्स होती आणि मंडळाची चिटणीस. सगळं गाव तिला वचकून असायचं. तिने निम्म्या गावाला इंजेक्शनच्या वेळी रडताना पाहिलं होतं.

“शाळेवर अजून ताडपत्रीच आहे, तेव्हा शाळा बाद,” ती पायरीवर न टेकताच म्हणाली. “खालच्या वाडीतली माणसं तीन घरांत वाटलीयत. दोन घरं भरली. सात नंबर सगळ्यांत मोठं, तिथे एकोणीस.”

थेओदूल रेडिओची कळ फिरवत राहिला.

“ऐकताय ना, बॉस? मा फेर्दिलाकडे एकोणीस. जुळी पोरं धरून.”

“तिथे नको.”

“का?”

“जागा पुरायची नाही.”

“मे महिन्यात टेप घेऊन तुम्हीच मोजलीत. पंचवीस मावतील म्हणालात.”

“वाऱ्याच्या तोंडावर आहे ते घर.”

“ह्या गावात वाऱ्याच्या तोंडावर नाही असं एक घर दाखवा मला, मी तिथे लग्न करून राहते.” तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “काय होतंय? छातीत दुखतंय का?”

“नाही.”

“मग चेहरा का उतरलाय?”

“जरा थांब. मी जाऊन बघून येतो.”

“बघायचं काय त्यात? छप्पर तुमच्याच हातचं आहे.”

तो निघाला.

सात नंबरचं, म्हणजे फेर्दिलाच्या घराचं, छप्पर जानेवारीतल्या एका शनिवारी झालं होतं. मोर्न पाव्योत घर उभं राहतं ते इर्जिकीने. तिथले लोक तिला कुदमें म्हणतात. शंख फुंकला की माणसं येतात. ज्याचं घर तो मजुरी देत नाही, जेवण देतो. आणि दोन नियम कुणी मोडत नाही. चढवायला घेतलेलं छप्पर त्याच दिवशी पुरं करायचं. उघडं घर रात्रीच्या हवाली करायचं नाही. आणि शेवटचा पत्रा बसेपर्यंत घरधनिणीने पातेल्यावरचं झाकण काढायचं नाही.

त्या शनिवारी दुपारी दोन तास पाऊस पडला. प्रत्येक वासा भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्टीने जखडायचा आणि प्रत्येक पट्टीला दहा खिळे मारायचे, हे मंडळाने पहिल्या घरापासून ठरवलेलं. ठरवलं होतं थेओदूलनेच. पट्ट्या राजधानीहून यायच्या आणि नदीवरचा पूल वाहून गेल्यामुळे ट्रक पलीकडे अडकला होता. पश्चिमेची बाजू पुरी झाली. पूर्वेला अकरा वासे. चारांना पट्ट्या बसल्या आणि खोकं संपलं. साडेपाच वाजले होते. खाली तेवीस माणसं भिजून, भुकेजून उभी होती. चुलीवर फेर्दिलाचं मोठं पातेलं होतं, त्यात तिच्याजवळ उरलेल्या शेवटच्या अळकुड्या आणि शेवटचा खारा मासा, आणि झाकणावर तिचा हात. थेओदूलने उरलेल्या सात वाशांना दोन-दोन तिरपे खिळे मारले, पत्रे ओढले आणि वळचणीच्या फळ्या ठोकून सगळं झाकून टाकलं. “सोमवारी येऊन करू,” तो बरोबर चढलेल्या फेलिक्सला म्हणाला. फेलिक्सने मान हलवली. झाकण निघालं, लोक जेवले, ढोल वाजला.

सोमवारी आठ नंबरचं काम सुरू झालं. पट्ट्या बुधवारी आल्या. पण तोवर सात नंबरवर निळी फळी लागली होती, आणि वळचण उघडायची तर का उघडतोय ते सांगावं लागलं असतं. मार्चमध्ये फेलिक्स कामासाठी शेजारच्या ग्वादलूप बेटावर गेला. तेव्हापासून ही गोष्ट आपल्या एकट्यालाच माहीत आहे, असं थेओदूल धरून चालला होता.

फेर्दिला मागच्या अंगणात नारळ खोवत बसली होती. चूल पेटलेली होती. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला थेओदूल धर्मपिता होता. तेव्हापासून, म्हणजे चाळीस वर्षं, ती त्याला कोंपे म्हणायची आणि तो तिला माकोमे. असं नातं जोडलेल्या माणसांनी एकमेकांशी खोटं बोलू नये, असा तिथला रिवाज आहे.

“या, कोंपे. एकोणीस म्हणाली ती नर्सबाई. एवढ्यात भागेल का हो एकोणिसांचं?”

“भागेल. मला जरा आत बघायचंय, माकोमे.”

“बघा की. विचारता काय?”

तो आत गेला. पूर्वेची खोली घरातली सगळ्यांत मोठी, समुद्राकडे दोन खिडक्या असलेली. तिच्यात शिवणयंत्र होतं, नारळांची पोती होती, एकावर एक रचलेल्या खुर्च्या होत्या. खाट नव्हती. खाट पश्चिमेकडच्या कोठीच्या खोलीत होती, अशी कोंबून बसवलेली की दार अर्धंच उघडत होतं. पाहुण्यांची अंथरुणं फेर्दिलाने आधीच घालून ठेवली होती: कोठीत, बोळात, न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत. पूर्वेच्या खोलीत एकही नव्हतं.

त्याने वर छपराकडे पाहिलं. मग बाहेर आला.

“खाट तिकडे कधी हलवलीत?”

“जानेवारीत.”

“जानेवारीत कधी?”

“रविवारी. चॅपेलातली मिस्सा झाल्यावर.” तिने नारळाची दुसरी कवड घेतली. “शनिवारी दिवसभर मी त्या झाकणावर हात ठेवून खाली उभी होते, कोंपे. दुसरं काय करणार? ऐकत होते. चार वाशांवर दहा-दहा घाव पडले. पुढच्यांवर दोन-दोन.”

थेओदूल चुलीजवळच्या ओंडक्यावर बसला.

“बोलला का नाहीत?”

“तुम्ही लोक आपली घरं उघडी टाकून माझ्याकडे आला होतात. तुमच्या स्वतःच्या घरावर तेव्हा ताडपत्री होती. त्यात मी वर तोंड करून सांगू, अहो, नीट ठोका? आणि मला वाटलं, सोमवारी याल.”

“येणार होतो.”

“ठाऊक आहे. मी कॉफी करून ठेवली होती.”

चुलीत लाकूड फुटलं. तिने ते आत सारलं.

“आणि आज? एकोणीस माणसं येणार, हे कळल्यावर तरी?”

“नको म्हटलं असतं तर नर्सबाईने कारण काढून घेतलं असतं. मग तुमच्या फळीवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून म्हटलं, सगळ्यांना इकडच्या बाजूला निजवू. जाईल ते पूर्वेचं जाईल.”

“माकोमे,” थेओदूल म्हणाला, “पूर्वेची कड एकदा उचलली, वारा आत शिरला, की नुसतं पूर्वेचं जात नाही. सगळं छप्पर जातं. पश्चिमेचंही.”

खोवणीवरचा तिचा हात थांबला.

“हे मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

“मला होतं.”

पावणेदहाला त्याने शंख फुंकला.

दहापर्यंत अंगणात पंधरा-सोळा माणसं जमली. निम्मी आपापल्या खिडक्यांवर फळ्या मारता मारता आलेली, हातात हातोडा, कपाळावर आठ्या. मंडळाचा दुसरा सुतार कर्टनी, तिशीतला, धिप्पाड आणि तोंडाळ, फाटकातूनच ओरडला, “बॉस, वादळ येतंय ते रेडिओने सांगितलंय आम्हाला. तुम्ही कशाला गाल फुगवताय?”

लोक हसले. थेओदूल निळ्या फळीशेजारी उभा होता. त्याने हसू विरेपर्यंत वाट पाहिली.

“ह्या छपराच्या पूर्वेच्या सात वाशांना पट्ट्या नाहीत,” तो म्हणाला. “नुसते तिरपे खिळे आहेत. पट्ट्या संपल्या होत्या. मी फळ्या ठोकून झाकलं. जानेवारीपासून मला माहीत आहे.”

कर्टनी पुन्हा हसला. मग त्याने फेर्दिलाकडे पाहिलं आणि थांबला.

“सात?”

“सात.”

“आणि बारा नंबरला माझी एक पट्टी राहिली, तर तुम्ही मला खाली उतरवून आईवरून शिव्या घातल्यात. गावासमोर.”

“हो.”

“माझी आई तिथेच उभी होती, बॉस. हातात लिंबूपाण्याचा जग घेऊन. तुमच्यासाठी.”

कुणी हसलं नाही. व्हर्नान्डा पुढे आली. तिचा आवाज आरोग्य केंद्रात असतो तसा होता, चढत नाही आणि उतरत नाही.

“बाकीची तेरा?”

“बाकीची बरोबर आहेत.”

“कशावरून?”

“मी सांगतो म्हणून,” थेओदूलच्या तोंडून गेलं. आपण काय बोललो ते शब्द बाहेर पडल्यावर त्याला कळलं.

“उघडून बघा,” तो म्हणाला.

तिने दोघांना पाच नंबरकडे पाठवलं, दोघांना नऊकडे. शाळेच्या छपरासाठी आलेलं पट्ट्यांचं खोकं आणायला एकाला पिटाळलं. चौघे घरी खिडक्या अर्धवट राहिल्या म्हणून निघून गेले. त्यांतला एक जाताना जमिनीवर थुंकला. दुसरा सांगून गेला की फळ्या मारून परत येतो, आणि तो तासाभरात खरंच आला.

कर्टनीने शिडी पूर्वेच्या भिंतीला लावली. “मी ह्या टोकाकडून येतो. तुम्ही त्या टोकाकडून या. मध्ये गाठ पडेल. बोललंच पाहिजे असं नाही.”

वळचणीच्या फळ्या सहज निघाल्या नाहीत. थेओदूलने त्या चांगल्या ठोकल्या होत्या. तोडायला तास गेला. आत वासे उघडे पडले, आणि खिळ्यांच्या डोक्यांवर समुद्राच्या वाऱ्याने गंज धरलेला दिसला. एका खिळ्याला कर्टनीने बोटाने ढकललं. तो हलला. त्याने थेओदूलकडे पाहिलं आणि पुढचा खिळा घेतला.

अकराच्या निवेदनात दोनशे वीस मैल. आभाळ पूर्वेला पितळी दिसत होतं, वारा अजिबात नव्हता, आणि कोंबड्या सकाळीच झाडावर जाऊन बसल्या होत्या.

बाराला, आधीचे चार धरून पाचवा वासा जखडून थेओदूल सहाव्याकडे वळला तेव्हा खाली एकदम शांतता झाली. त्याने मान वळवून पाहिलं. फेर्दिलाने पातेल्यावरचं झाकण काढलं होतं. वाफ सरळ वर जात होती.

“माकोमे, अजून सहा राहिलेत!” तो वरून म्हणाला.

“मोजता येतं मला.” तिने झाकण भिंतीला टेकवून ठेवलं. “जानेवारीत मी ते आधी काढलं असतं तर तुम्ही घाई केली नसतीत. उतरा. जेवा.”

कुणी पुढे होईना. एक म्हातारा टोपी हातात घेऊन चुळबुळत उभा राहिला. उघड्या छपराखाली घास घेतलेला त्या गावात कुणी पाहिला नव्हता. शेवटी व्हर्नान्डाने ताटली उचलली. “मी सकाळपासून उपाशी आहे,” ती म्हणाली, “आणि मला भलतीसलती शंका यायला वेळ नाही.” मग बाकीचे आले. थेओदूलने शिडीच्या खालच्या पायरीवर बसून खाल्लं. अळकुड्या, कच्ची केळी, नारळाच्या दुधातला मासा. फेर्दिलाने एकोणिसांसाठी दुसरं पातेलं चढवलं.

दोनला एकशे पंच्याहत्तर मैल. वादळाचा वेग वाढला होता.

तीनच्या सुमाराला पाच नंबरकडे गेलेले परत आले. वळचण उघडली, सगळ्या पट्ट्या जागच्या जागी, पुन्हा बंद केली. नऊकडे गेलेले त्यांच्या मागोमाग आले, हात हलवत.

“तूसें म्हातारा शिडी लावू देत नाही,” त्यांतला एक म्हणाला. “म्हणतो, मंडळाचं काम आहे. उघडून बघायला मी काय नास्तिक आहे का?”

कर्टनीला हसू आवरलं नाही. थेओदूल हसला नाही.

“तुम्ही जाऊन सांगा त्याला,” व्हर्नान्डा म्हणाली.

“नऊच्या पट्ट्या मी माझ्या हाताने ठोकल्यात.”

“सातचे खिळेही तुमच्याच हातचे.”

त्याने वरून उरलेल्या वाशांकडे पाहिलं. तो गेला असता तर काम थांबलं असतं. आठ वासे झाले होते, तीन राहिले होते. “ती फळी काढ,” तो म्हणाला. “काम पुरं होईपर्यंत तिथे ती नको.”

व्हर्नान्डाने हातोड्याच्या चिमट्याने निळी फळी उपसली आणि दाराच्या आत भिंतीला उलटी टेकवून ठेवली. भिंतीवर तिच्या मापाचा स्वच्छ चौकोन उरला.

नववा झाला तेव्हा चार वाजून गेले होते आणि पहिली सर येऊन गेली होती. उत्तरेच्या कोपऱ्यातल्या दोन वाशांपाशी अडलं. तिथली तुळई आतून कुजली होती. खिळा मारला की लोण्यात बोट घातल्यासारखा आत जायचा आणि ओढला की हातात यायचा. पट्टी धरणार कशाला? कुजका तुकडा कापून काढायचा, नवा बसवायचा, बोल्टने आवळायचा आणि मग पट्टी. कर्टनी करवत घेऊन वर आला.

“एरवी ह्याला दिवस लागेल,” तो म्हणाला. सकाळपासून तो थेओदूलशी पहिल्यांदाच आपणहून बोलत होता.

“दिवस नाही.”

“ते दिसतंय मला. धरा हे टोक.”

साडेचारला खालच्या वाडीतली माणसं वर येऊ लागली. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, एका बाईच्या हातात पिंजरा आणि पिंजऱ्यात पोपट. दारापाशी येऊन ती थबकत आणि भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत. व्हर्नान्डाने फाटकात उभं राहून प्रत्येकाला तेच सांगितलं: दोन वासे सुटे आहेत, काम चालू आहे, बाकीची दोन घरं गच्च भरलीयत, चॅपेलचं छप्पर जुनंच आहे. तुम्ही ठरवा. पाच जण चॅपेलकडे गेले. चौदा आत आले. पोपटवाली बाई आत येताना वर बघून म्हणाली, “बेलो, उतरायच्या आधी मला हाक मार. मी जागी असेन.”

पाचच्या निवेदनात एकशे पंचवीस मैल. वारे ताशी पासष्ट मैल, जमिनीवर येण्याआधी वादळ आणखी बळावण्याची शक्यता. रेडिओवरच्या बाईने घराबाहेर असलेल्यांना आत जायला सांगितलं.

दहाव्या वाशाखाली नवा तुकडा बसला, बोल्ट आवळला. कर्टनी शिडीला दोर बांधून खाली धरून उभा राहिला, कारण आता ती वाऱ्याने सरकत होती. थेओदूलने पट्टी वाशावरून वळवली आणि पहिला खिळा मारला.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी गावातली वीज गेली. पावसामुळे त्याच वेळी अंधारल्यासारखं झालं होतं. आत चौदा माणसं पश्चिमेच्या बाजूला अंथरुणांवर बसली होती. नऊ नंबरमध्ये तूसेंच्या घरी अकरा होती. तिथली वळचण कुणी उघडली नव्हती. पूर्वेला नऊ वासे जखडले होते, अकराव्याखालची तुळई अजून कापायची होती, आणि पुढचं निवेदन आठला होतं.

फेर्दिला दारात उभी होती. थेओदूलला ती दिसत नव्हती, पण वाऱ्यातून तिचा आवाज येत होता. प्रत्येक खिळ्याला ती आकडा सांगत होती, मोठ्याने, आतल्यांनाही ऐकू जाईल असा.

“पाच,” ती म्हणाली.

त्याने पुढचा खिळा चाचपला, धरला, मारला.

“सहा.”